गरोदरपणात मिश्री, तंबाखू, दारू, गोळ्या, गर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गरोदर बायकांसाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे आणि आशाताई, अंगणवाडी ताई यांच्यासाठीपण आहे. व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारू पिऊन पडलेला पुरुष येतो, पण महाराष्ट्रात पोटुशी बाई जे व्यसन करत असते ते बहुतेक वेळा कमरेला खोचलेल्या एका छोट्या डबीत असतं आणि घरात कोणी त्याला व्यसन म्हणतच नाही. म्हणून सुरुवात मिश्रीपासून केलीय, दारू, गोळ्या आणि गर्द (ब्राऊन शुगर) याबद्दल पुढे आहे. घाई असेल तर "एकदम सोडू का हळूहळू" हा प्रश्न आधी वाचा, कारण तिथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

मिश्री हे काय व्यसन आहे का? दात घासायचीच तर ती.

मिश्री, कुठे मशेरी म्हणतात, कुठे मिसरी, ती तंबाखूच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर उग्र वास सुटतो, पोरं खोकत बाहेर पळतात, मग कुटून, चाळून डबीत भरायची. भाजली म्हणून तिच्यातलं निकोटीन काही जात नाही.

सुरुवात दात घासण्यापासूनच होते हे खरंय. आई लावते म्हणून मुलगी लावते, किंवा दाढ दुखते तेव्हा शेजारीण म्हणते लाव जरा बरं वाटेल, आणि वाटतंही. पण दात घासायला दिवसातून दोनदा पुरतं. मिश्री लावणारी बाई सकाळी उठल्यावर लावते, भाकरी झाल्या की लावते, धुणं झालं की लावते, दुपारी टेकली की लावते, रात्री झोपताना परत, आणि प्रत्येक वेळी बोट हिरडीवर फिरवत निवांत बसते. एक दिवस डबी सापडली नाही तर डोकं धरतं, संडासला होत नाही, पोरांवर ओरडणं सुरू होतं. असं होत असेल तर ते व्यसनच आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही पण नाव तेच द्यावं लागेल.

२०१६-१७ च्या गॅट्स या तंबाखूविषयीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण १७% बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यात अगदी थोड्या, म्हणजे जवळपास सगळं तोंडातलंच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार.

मी गिळत नाही, थुंकून टाकते. मग बाळापर्यंत कशी जाईल?

हिरडीतून जाते. हिरडीची आणि गालाच्या आतली त्वचा पातळ असते, खाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यामुळे निकोटीन सरळ रक्तात उतरतं, गिळायची गरजच पडत नाही. रक्तातून वारेत (प्लासेंटात) आणि वारेतून बाळात. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारं रक्त कमी पडतं, आणि बाळाला जे काही मिळायचं ते, म्हणजे ऑक्सिजन, अन्न, लोह, सगळं त्याच रक्तातून मिळायचं असतं.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला होता, २००४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंडातून तंबाखू घेणाऱ्या बायकांची (त्यात मिश्रीवाल्याच जास्त) बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावरच असतात, शंभर ग्रॅम गेले की ती कमी वजनाच्या यादीत जातात. आणि ही नुसती सरासरी झाली. ३२ आठवड्यांच्या आत, म्हणजे फारच लवकर जन्मण्याची शक्यता या बायकांमध्ये जवळपास पाचपट होती, ते बाळ मग काचेच्या पेटीतच जातं.

सासूबाई म्हणतात, मी पाच पोरं काढली मिश्री लावूनच, सगळी धडधाकट आहेत.

त्या खोटं बोलत नाहीत. धोका वाढतो म्हणजे प्रत्येक बाळाला त्रास होतोच असं नाही, बरीच बाळं चांगली निघतात. पण पाच धडधाकट पोरांची गोष्ट सांगितली जाते, आणि सातव्या महिन्यात गेलेलं एक, जन्मल्यावर रडलंच नाही असं एक, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, "देवाची मर्जी" म्हणून ती विषयातूनच जातात. मुंबईच्या त्याच अभ्यासात तंबाखू घेणाऱ्या बायकांमध्ये मेलेलं बाळ जन्मण्याचं प्रमाण अडीच पटीहून जास्त होतं.

सासूशी भांडू नका मात्र. बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच सोडायची असते आणि जमलेली नसते, "तुम्ही पोरं खराब केली" असं ऐकू आलं की त्या कधीच तुमच्या बाजूला येणार नाहीत. एवढंच सांगा की डॉक्टरांनी बाळाचं वजन वाढवायला सांगितलंय आणि त्यासाठी डबी घरात समोर नको. नातवाच्या वजनासाठी सासू काय वाट्टेल ते करते, हे मी खूप घरांत पाहिलंय.

आता सहावा महिना लागलाय, आता सोडून काय उपयोग?

खूप उपयोग आहे. बाळाचं सगळ्यात जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांतच भरतं. निकोटीन शरीरातून दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी निघून जातं आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ते कारणच बंद होतं. चौथ्यात सोडलं तर जास्त चांगलं, पण आठव्यात सोडलं तरी फुकट जात नाही, अगदी बाळंतपणाच्या आधी आठवडाभर सोडलं तरी अंगावर पाजताना कामाला येतं.

एकदम सोडू का हळूहळू?

हे नीट वाचा, कारण प्रत्येक गोष्टीचं उत्तर वेगळं आहे.

मिश्री, तंबाखू, खर्रा, गुटखा, विडी: आजच्या आज सोडलं तरी चालतं. त्रास होईल, चिडचिड होईल, पण बाळाला धोका नाही.

दारू रोज आणि भरपूर पिणारी बाई असेल तर एकदम बंद करू नका. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि पोटात बाळ असताना फिट येणं दोघांसाठी धोक्याचं आहे. हॉस्पिटलमध्ये भरती होऊन, औषधाच्या आधाराने सोडायची. कधीतरीच घेणाऱ्या बाईने मात्र लगेच थांबायला हरकत नाही.

झोपेच्या, नशेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम वगैरे, मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती, यांचंही तसंच, अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टर डोस उतरवत नेतात.

गर्द, हेरॉईन, अफू, कोडीनवालं कफ सिरप, ट्रामाडोल यांपैकी काही रोज घेत असाल तर घरच्या घरी, खोलीत कोंडून "सोडवणं" अजिबात नको. नशा अचानक तुटली की गर्भाशय आकुंचन पावू शकतं, गर्भपात होऊ शकतो, वेळेआधी कळा येऊ शकतात, बाळ पोटात तडफडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये गरोदर बायकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्पष्ट सांगितलंय की अशा बाईला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवायचं. घरच्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं एक नशा सोडवून दुसरी लावली. पण त्या औषधाचा डोस ठरलेला असतो, शुद्धता ठरलेली असते, चढउतार थांबतात, सुई थांबते, बाई तपासणीला यायला लागते, आणि बाळाला हेच हवं असतं. सरकारी ओएसटी सेंटरवर (नशेच्या जागी असं औषध देणारं केंद्र) ही औषधं मोफत मिळतात.

मिश्री सोडली की पोटच साफ होत नाही, डोकं धरतं, काय करू?

हे पहिले तीन-चार दिवस जास्त असतं, मग दोन-तीन आठवड्यांत ओसरत जातं. पोटासाठी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी, ताक, आणि संडासला बसायची वेळ तीच ठेवा, नाहीच झालं तर पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) गरोदरपणात चालणारं औषध मिळतं, मनाने जुलाबाचं घेऊ नका. लोहाच्या गोळीनेही पोट कडक होतं, म्हणून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

तलफ आली की ती पाच-दहा मिनिटं जोरात असते आणि मग उतरते, ती वेळ काढायची असते फक्त. तोंडात भाजलेली बडीशेप ठेवा, एखादी लवंग ठेवा, थोडं चालून या, कोणालातरी फोन लावा. सुपारी ठेवू नका, तिचं पुढे सांगते. सकाळची मिश्री सगळ्यात अवघड जाते म्हणून डबीच्या जागी ब्रश आणि पेस्ट ठेवा आणि डबी घराबाहेर, कोणाला देऊ पण नका, मोरीत ओतून टाका. दाढ दुखते म्हणून लावत असाल तर दाढ दाखवा, गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे.

निकोटीनची गम किंवा पट्टी स्वतःहून मेडिकलमधून आणू नका. समुपदेशनाने जमलं नाही तर डॉक्टर त्याचा विचार करतात, ते त्यांना ठरवू द्या.

आम्ही मिश्री लावत नाही, फक्त खर्रा खातो. साधी सुपारी तरी चालेल ना?

विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, यात कच्ची सुपारी, तंबाखू, चुना घोटलेलं असतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे पण टपरीवर खर्रा घोटून मिळतोच, आणि गडचिरोली, चंद्रपूर भागात बायका, शाळकरी पोरं सगळे खातात, पाहुण्याला चहाच्या आधी खर्रा देतात. नुकसान मिश्रीसारखंच, वर सुपारीचं वेगळं. सुपारी एकटीसुद्धा तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरते, तोंड उघडायचं बंद होतं ते तिच्यामुळेच, आणि तिची सवयही लागते. डोहाळे लागलेत म्हणून सुपारी खाणारी बाई असते, तिला आवळा सुपारी द्या, ती नावालाच सुपारी आहे.

मळमळ थांबते, भूक मरते, काम होतं, म्हणून लावते. मग काय करायचं?

मला वाटतं सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हाच आहे. ऊसतोडीला गेलेली बाई, वीटभट्टीवरची बाई, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी बाई, तिला दुपारी दोनपर्यंत भाकरी मिळत नाही, पाठ मोडून येते, तेव्हा चिमूटभर मिश्री तिला उभी ठेवते. तिला "सोड" म्हणणं सोपं आहे. भूक मारली की बाळाची भूकही मरते हे तिला सांगायलाच हवं, पण त्यासोबत तिच्या हातात काहीतरी खायला द्यायला हवं, नुसता उपदेश नको. शेंगदाणे-गूळ, भाजलेले चणे, अंगणवाडीचा आहार, पदराला बांधून नेता येईल असं काहीही. दर दोन तासांनी दोन घास पोटात गेले तर मळमळही कमी होते आणि तलफही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण ४५% गरोदर बायकांमध्ये रक्त कमी होतं. अशा बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, त्यात निकोटीनने वारेकडे जाणारं आणखी कमी, म्हणजे दोन्हीकडून मार बाळालाच.

डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतील, गावभर होईल. नाही सांगितलं तर नाही का चालणार?

सांगा. मी हे सगळं पान लिहायला घेतलं ते या एका उत्तरासाठी.

एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या दिवशी काय होतं ते बघा. पंचवीस-तीस बायका बाकावर, आत टेबलापाशी सिस्टर, दार उघडं, आणि सिस्टर कार्डावर टिक करत मोठ्याने विचारते, "तंबाखू, मिश्री काही खाते का गं?" मागे सासू उभी, बाजूला गावातलीच दोन ओळखीची. बाई मान हलवते, नाही. कार्डावर "नाही" लिहिलं जातं. तिच्या दातांवर काळे डाग असतात, बोटाचं टोक काळपट असतं, सगळ्यांना दिसतं, पण कार्ड म्हणतं नाही आणि नऊ महिने तेच कार्ड चालतं. मग बाळाची वाढ कमी दिसते तेव्हा डॉक्टर कारण शोधत बसतात, सोनोग्राफीवर सोनोग्राफी होते, पैसे जातात, आणि खरं कारण कोणालाच कळत नाही.

दारू किंवा गर्दच्या बाबतीत हे आणखी भयंकर होतं, कारण भूल देताना, वेदनाशामक देताना, बाळ जन्मल्यावर त्याला काय होतंय ते ओळखताना, डॉक्टरांना माहीत असणं गरजेचं असतं. एखादी जण उगाच ओरडेल, असे लोक असतात, खोटं कशाला बोलू. तर एकटीला बोलायचंय म्हणून सांगा, दुसऱ्या डॉक्टरकडे जा, आशाताईला आधी सांगा, पण लपवू नका. व्यसनाच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवायची हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये लिहिलेलं आहे, तो तुमचा हक्क आहे.

थोडी दारू चालते ना? बीअर, ब्रँडी?

नाही. गरोदरपणात इतकी चालते असं सुरक्षित माप कोणालाच सापडलेलं नाही. दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते आणि बाळाचं लिव्हर ती पचवू शकत नाही, ती त्याच्या अंगात तशीच फिरत राहते. जास्त दारूने होणाऱ्या आजाराला १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी फीटल अल्कोहोल सिंड्रोम असं नाव दिलं: वाढ खुंटलेली, डोकं लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खोबण सपाट, आणि मेंदूवर कायमचा परिणाम. चेहरा नेहमीसारखा असूनही शिकायला जड जाणं, एका जागी न बसणं, राग न आवरणं असं असू शकतं, आणि शाळेत अशा पोराला नुसतं "मठ्ठ" म्हणून मागे बसवतात, कारण कोणी आईला गरोदरपणाबद्दल विचारलेलंच नसतं.

महाग वाईन, घरची मोहाची, ताडी, बीअर, सगळ्यांत अल्कोहोल तेच. बाळंतिणीला थंडी वाजते म्हणून ब्रँडी देणं, आणि सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाला ब्रँडीचे थेंब चाटवणं, हे आजही चालतं आणि ते बंद व्हायलाच पाहिजे. शहरातल्या शिकलेल्या बाईचं पार्टीतलं पिणं कोणी व्यसनाच्या यादीत धरत नाही, ऊसतोड करणाऱ्या बाईचं लगेच धरतात. बाळाच्या दृष्टीने दोन्ही ग्लास सारखे आहेत.

गरोदर आहे हे कळायच्या आधी एक-दोनदा घेतली होती म्हणून घाबरून गर्भ काढायला पळू नका. आता थांबा, डॉक्टरांना सांगा.

व्यसनी आईचं बाळ व्यसनीच जन्माला येतं का?

नाही. बाळाला तलफ नसते, ते कशाच्या मागे धावत नाही, त्याला व्यसनी म्हणणं अन्याय आहे. आई अफूच्या जातीची नशा किंवा त्यावरचं औषध घेत असेल तर बाळाच्या शरीराला त्याची सवय झालेली असते, जन्मल्यावर पुरवठा तुटतो आणि बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत त्रास दिसायला लागतो: किंचाळल्यासारखं रडणं, थरथर, सारख्या शिंका, जांभया, दूध नीट न ओढणं, जुलाब. यावर उपचार आहे आणि तो बऱ्याच अंशी साधा आहे. अंधारी, शांत खोली, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं, थोडं थोडं दूध, आणि गरज पडली तर औषध. बाळ बरं होतं.

अमेरिकेत १९८० च्या दशकात कोकेन घेणाऱ्या बायकांच्या मुलांना क्रॅक बेबी म्हणत पेपरांनी अख्खी पिढी वाया गेली अशी हाकाटी केली होती. फिलाडेल्फियात अशा मुलांचा ती मोठी होईपर्यंत अभ्यास केला तेव्हा दिसलं की त्यांच्यात आणि त्याच गरीब वस्तीतल्या बाकी मुलांत फार फरक नव्हता, गरिबीनेच दोघांना मागे ठेवलं होतं. पण ते लेबल त्या मुलांच्या कपाळावर लागलं ते लागलंच. आपल्याकडे वस्तीत "गर्दुल्लीचं पोर" म्हणतात, तसं म्हणू नका, शिक्षकांनी तर मुळीच नको.

पोलीस केस होईल का? बाळ काढून घेतील का? आणि खरं सांगा, अशा बाईला शिक्षा नको का?

उपचार घ्यायला स्वतःहून आलेल्या माणसाला एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायदा १९८५ च्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा गुन्हा असेल आणि मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असाल तर खटला चालत नाही, उपचार मात्र पूर्ण करायला हवेत. तंबाखू, मिश्री, दारू यांचा तर या कायद्याशी संबंधच नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं आहे की आई उपचारासाठी दाखल असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही. हे कलम हॉस्पिटलमधल्या लोकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं, त्यांना सांगा.

शिक्षेचं म्हणाल तर तो प्रयोग अमेरिकेत करून झालाय. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात एका सरकारी दवाखान्याने गरोदर बायकांची लघवी त्यांना न विचारता कोकेनसाठी तपासून पोलिसांना कळवायला सुरुवात केली, बायकांना बेड्या पडल्या, शेवटी २००१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. टेनेसी राज्याने २०१४ मध्ये अशा आयांवर गुन्हा दाखल करायचा कायदाच केला, तो २०१६ मध्ये मुदत संपून गेला, पुढे कोणी वाढवला नाही. बायका दवाखान्यात यायच्याच बंद होतात हे तिथल्या डॉक्टरांनी कळवळून सांगितलं होतं. जी बाई भीतीपोटी तपासणीला येत नाही तिचं बाळ सगळ्यात जास्त धोक्यात, त्यामुळे ज्यांना बाळाची खरंच काळजी आहे त्यांनी शिक्षेची भाषा सोडून द्यावी असं माझं ठाम मत आहे.

नवरा पितो, घरात विडी ओढतो. त्याचा काय संबंध?

पूर्ण संबंध आहे. घरात ओढलेल्या विडीचा धूर गरोदर बाईच्या आणि बाळाच्या अंगात जातोच. दारूचं तर विचारूच नका. २०१९ च्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या २७.३% पुरुषांनी दारू घेतो सांगितलं आणि १.६% बायकांनी. म्हणजे गरोदर बाईच्या घरातली दारू बहुतेक वेळा तिची नसतेच, ती मार खाते, उपाशी झोपते, हॉस्पिटलसाठी ठेवलेले पैसे गुत्त्यावर जातात, आणि मग तीच मिश्रीची डबी उघडते कारण तेवढंच एक तिच्या हातात असतं. हे चक्र बायकोला एकटीला समुपदेशन देऊन तुटत नाही. नवऱ्याने त्याच दिवशी, त्याच घरात सोडायला हवं. मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा, पोटावर मार लागला असेल तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल, १०८ ला फोन.

समाजावर याचा काय परिणाम होतो?

दोन किलोचं बाळ जन्मलं की ते जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) जातं. आई बाहेर व्हरांड्यात चटईवर, बाप रोज सोडून तिथेच, मोठं पोर शाळा बुडवून आजीकडे, मुकादमाची उचल फिरते, खासगीत नेलं तर एकरभर जमीन किंवा मंगळसूत्र जातं. बाळ वाचलं तरी पुढे सारखं आजारी, अंगणवाडीच्या तक्त्यात लाल रंगात, शाळेत मागे, आणि मुलगी असेल तर अंगात रक्त नसतानाच तिचं लग्न होतं, मग तिचंही बाळ हलकं. त्यात घरात ती रोज आजीला आणि आईला मिश्री लावताना बघत मोठी झालेली असते.

पण बायकांनी एकत्र येऊन हे बदललेलंही आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि २०१६ पासून तिथे मुक्तिपथ नावाने दारू आणि तंबाखू दोन्हीवर गावोगाव काम चाललंय. बाकी जिल्ह्यांत गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी केली तर दुकान बंद. मिश्रीसाठी असं मतदान नाही, पण बचत गटाच्या मीटिंगमध्ये, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणात हा विषय काढता येतो. डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी ओटी भरताना डबी मागून घेतली तर मला तरी फार आवडेल.

तंबाखू किंवा औषध चालू असताना अंगावर पाजू का?

तंबाखू सुटली नसेल तरी पाजा, आईच्या दुधाचा फायदा जास्त आहे. फक्त पाजल्यानंतर लावा, आधी नको, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत दुधातलं निकोटीन उतरतं, आणि त्या बोटाने बाळाला हात लावू नका, आधी साबणाने धुवा. दारू घेतली तर उतरेपर्यंत पाजू नका, आणि बाळाला कुशीत घेऊन झोपू नका. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर व्यवस्थित असलेल्या आईने पाजायला हरकत नाही, उलट बाळाचा त्रास कमी होतो. गर्द चालू असेल किंवा एचआयव्ही असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

नऊ महिने सोडली, बाळंत झाले आणि परत लागली. माझ्यात कमी आहे का?

नाही ताई. खूप जणींचं असं होतं. माहेरी गेली, रात्रीची झोप नाही, टाके दुखतात, मावशी म्हणते आता काय, बाळ बाहेर आलं, लाव जरा. पहिला सव्वा महिना सगळ्यात कच्चा असतो. परत लागली म्हणजे आधीचे नऊ महिने वाया गेले असं नाही, बाळाला त्याचा फायदा मिळून गेला. परत सोडायची, यावेळी कोणत्या प्रसंगाला हात डबीकडे गेला ते लक्षात ठेवून. रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो.

मदत कुठे मिळते? आणि मी आशा आहे, बाईशी कसं बोलू?

तंबाखूसाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, दारू आणि ड्रग्जसाठी १४४४६, दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालयात तंबाखू नियंत्रण कक्षाचे समुपदेशक असतात, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते तेव्हा त्यांना भेटता येतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी वेगळा विभाग आहे, कारण पुरुषांच्या वॉर्डात बाई दाखल व्हायला तयारच होत नाही, आणि खरं तर प्रत्येक जिल्ह्यात असा विभाग हवा.

आशाताईंनो, तुम्ही बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाता, त्याआधी गरोदरपणातही जाता, एवढं त्या घरात कोणी जात नाही. "मिश्री लावतेस का" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. "दिवसातून कितीदा लावावी लागते?" असं विचारा, सासू पाणी आणायला गेली असताना, हळू आवाजात. ती बोलली की तिथे ओरडायचं नाही, रजिस्टर लगेच उघडायचं नाही. सोडायची तारीख तिला ठरवू द्या, तुम्ही ठरवू नका. त्या तारखेच्या दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी नक्की चक्कर मारा कारण तेव्हाच सगळ्यात जास्त ओढ लागते. आणि क्विटलाइनचा नंबर कागदावर लिहून देऊन निघून येऊ नका, तिच्याशेजारी बसून तुमच्या फोनवरून लावून द्या, बऱ्याच बायकांकडे स्वतःचा फोन नसतो.